लोकेशन कोणाला, किती वेळ?
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



आपल्या दांडीतून कोणी तारापूर एमआयडीसीत रात्रपाळीला जातं, कोणाची मुलगी बोईसरहून लोकलने कॉलेज गाठते. वाटेत काही घडलं, ११२ ला फोन लावला, तरी नेमकं कुठे आहोत हे सांगता यायला हवं. व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तासांसाठी पाठवता येतं. मुदत संपली की आपोआप बंद. ही सोय प्रत्येकाला, आजी-आजोबांनाही, यायलाच हवी.

पण काही घरांत मुलीचं, सुनेचं लोकेशन चोवीस तास चालू ठेवायला लावतात. दहा मिनिटं उशीर झाला की जाब. मग ती लोकेशनच बंद करून टाकते, आणि खऱ्या संकटात कोणालाच सापडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. २०२४ मध्ये तर जामिनावरच्या आरोपीलाही गुगल मॅपवर पोलिसांना सतत ठिकाण दाखवायची अट घालता येणार नाही, असं सांगितलं. आरोपीला एवढा मान, मग घरच्या लेकीला का नको?

म्हणून एकच विनंती. लोकेशन पाठवायला घरात सगळ्यांना शिकवा. कधी पाठवायचं, ते मात्र ज्याचं त्याला ठरवू द्या. विश्वास असला की हाक वेळेवर येते.