तांब्याचं फेराइट : तापवलं किती, गार केलं कसं



जयपूरहून सीकरच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर चौमूं लागतं. तिथून आणखी उत्तरेला गेलं की राजस्थानचा तांब्याचा पट्टा येतो. नीम का थान्याजवळच्या गणेश्वरला उत्खननात तांब्याचे बाण, गळ, कुऱ्हाडी शेकड्यांनी निघाल्या. तांबं भट्टीत घालायची विद्या त्या मुलखात चार हजार वर्षांहून जुनी आहे. आज मी त्याच तांब्याबद्दल बोलणार आहे, पण भांड्यातल्या तांब्याबद्दल नाही. तांब्याचा एक अणू, लोखंडाचे दोन आणि ऑक्सिजनचे चार मिळून जी काळपट, चुंबकाला चिकटणारी भुकटी होते, ते तांब्याचं फेराइट.

त्याची रचना स्पिनेल जातीची. ती 1915 साली ब्रॅग आणि निशिकावा यांनी क्ष-किरणांनी उलगडली. सुमारे 0.84 नॅनोमीटर बाजूच्या घनात ऑक्सिजनचे 32 अणू रचलेले असतात आणि धातूचे अणू त्यांच्यामधल्या पोकळ्यांत बसतात. 8 अणू चतुष्फलकी जागांत, म्हणजे चार ऑक्सिजनांच्या मधोमध; 16 अष्टफलकी जागांत, सहांच्या मधोमध. तांब्याचा ओढा अष्टफलकी जागेकडे असतो, म्हणून चतुष्फलकी जागा बहुतेक लोखंडाला मिळतात.

खरी गंमत पुढे आहे. अष्टफलकी जागेतलं तांबं आपल्या भोवतीचे सहा ऑक्सिजन सारख्या अंतरावर राहू देत नाही. दोन लांब सरकतात, चार जवळ येतात. यामागचं तत्त्व यान आणि टेलर यांनी 1937 मध्ये मांडलं. असे पुरेसे अणू एकाच दिशेने ताणले गेले की अख्खा घनच एका बाजूने सुमारे 6 टक्के लांबतो. 1957 मध्ये डुनिट्झ आणि ऑर्गेल यांनी हा विचार स्पिनेलांना लावला. त्याच वर्षी आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून सिन्हा, संजना आणि बिस्वास यांचा मँगनाइटांच्या रचनेवरचा निबंध ‘ॲक्टा क्रिस्टॅलोग्राफिका’त आला. मँगनाइटांतही, म्हणजे लोखंडाऐवजी मँगनीज असलेल्या स्पिनेलांतही, हाच ताणाचा प्रश्न आहे. प्रयोगशाळा सुरू होऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. पाषाण रस्त्यावरच्या या प्रयोगशाळेवरून रोज जाणाऱ्या पुणेकरांना हे ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

आता भट्टीकडे येऊ. लोहार विळा तापवून पाणी देतो, तेव्हा धार टिकते ती त्या झटक्यामुळे. फेराइटचंही तसंच आहे. 800-900 अंश सेल्सियसवर तापवून हळूहळू गार होऊ दिलं, तर साधारण 360 अंशांच्या आसपास घन मोडतो आणि लांबट रचना हाती येते. तेच एकदम गार केलं तर घन टिकतो. कारण असं की उष्णतेने तांब्याचे काही अणू अष्टफलकी जागा सोडून चतुष्फलकी जागांत गेलेले असतात. हळू गार करताना त्यांना परतायला वेळ मिळतो. झटका दिला की ते तिथेच अडकतात, आणि उरलेल्यांचा ताण घन मोडायला पुरत नाही.

याचा परिणाम चुंबकत्वावर थेट होतो. दोन्ही प्रकारच्या जागांतल्या लोखंडाचं चुंबकत्व परस्परविरुद्ध असतं. ते एकमेकांना खोडून काढतं आणि शिल्लक राहतं तांब्याचं, म्हणजे एका सूत्रामागे 1 बोर मॅग्नेटॉन (हे अणूंचं चुंबकत्व मोजायचं एकक). पण शंभरातले 16 तांब्याचे अणू जागा बदलून बसले आणि तितकंच लोखंड पलीकडे गेलं, की हिशेब 2.3 च्या जवळ जातो. हळू गार केलेल्या नमुन्यांत 1.3 च्या आसपास आणि झटका दिलेल्यांत 2.3 च्या आसपास मूल्यं मिळतात, ती यामुळे. सूत्र तेच, वजन तेच, चुंबक मात्र जवळजवळ पावणेदोनपट. म्हणून ज्या शोधनिबंधात भट्टीचं तापमान दिलेलं असतं पण नमुना गार कसा केला याचं एकही वाक्य नसतं, तो मला अर्धवट वाटतो.

नॅनोकण करायची एक सोपी रीत आपल्याकडच्या अनेक विद्यापीठांत चालते. तांब्याचं आणि लोखंडाचं नायट्रेट एकास दोन प्रमाणात पाण्यात विरघळवायचं, सायट्रिक आम्ल घालायचं, अमोनियाने सामू 7 च्या आसपास आणायचा आणि हॉटप्लेटवर ढवळत राहायचं. द्राव दाट होतो, मधासारखा ओढला जातो, मग फुगतो. एका कडेला ठिणगी पडते आणि लालसर रेघ सगळ्या भांड्यातून पुढे सरकत जाते. मागे उरते हलकी, जाळीदार राख. ती खलात घोटून मफल भट्टीत ठेवायची.

भट्टी कमी तापवली तर क्ष-किरणांच्या आलेखात तांब्याच्या आणि लोखंडाच्या सुट्या ऑक्साइडांची शिखरं डोकावतात; क्रिया पुरी झालेली नसते. फेराइटची शिखरं रुंद दिसतात, कारण कण बारीक. ही रुंदी मोजून आकार काढायचं सूत्र शेररने 1918 साली दिलं. पुष्कळदा अशा बारीक कणांत रचना घनच राहते. तापमान वाढवत नेलं की शिखरं निमुळती होतात, आणि 900 च्या सुमारास तापवून सावकाश गार केलेल्या नमुन्यात आलेखातल्या 35.5 अंशांच्या कोनाजवळचं सर्वांत उंच शिखर दुभंगून एक 34.7 च्या, दुसरं 36 च्या जवळ उभं राहतं. लांबट रचना तयार झाली. पण तोवर कणही वाढून एकमेकांना चिकटलेले असतात. या भुकटीचा उत्प्रेरक म्हणून वापर करून पाण्यातला रंग काढायचा आणि मग ती चुंबकाने गोळा करायची असेल तर मोठं पृष्ठफळ हवं, आणि ते या तापमानाला हातचं गेलेलं असतं. म्हणून उत्प्रेरकाचं काम करणारे भट्टी मध्यम ठेवतात आणि घन रचनेवर समाधान मानतात.