मेणवलीचा घाट, मिरजेचा तंबोरा

वाईजवळच्या मेणवलीत कृष्णेच्या घाटावर उभं राहिलं की 'स्वदेस' आठवतो. आशुतोष गोवारीकरांच्या २००४ च्या या चित्रपटातलं चरणपूर इथंच साकारलं. ए. आर. रहमान यांनी मायभूमीची हाक देणारी एकच चाल गळ्यातूनही दिली आणि सनईवरही. सनईला शब्द नाहीत, तरी ओढ तिथंच अधिक लागते, असं मला वाटतं. पार्श्वसंगीताची हीच रीत: चाल आधी ओळखीची करायची, मग पात्र गप्प असताना तिचे चारच सूर सोडायचे.

कृष्णेच्याच काठानं खाली आलं की मिरज. इथल्या शिकलगार घराण्यांनी शस्त्रांऐवजी तंतुवाद्यं घडवायला घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली बारीक दोरा सरकवला की जवारी, म्हणजे सुराचा घुमारा, बोलू लागते. असा अखंड षड्ज एखाद्या प्रसंगाखाली ठेवून पाहा. वर शुद्ध गंधार लागला तर पडद्यावरचा चेहरा उजळतो, कोमल लागला तर तोच चेहरा उदास दिसतो. संवादाचं एक अक्षरही बदललेलं नसतं!

संगीतकार राम कदमही मिरजेचेच. त्यांचा १९७२ चा 'पिंजरा' पुन्हा पाहाल, तेव्हा गाणी संपल्यावर काय वाजतं, तेही कान देऊन ऐका.