मोटारघराचें छप्पर आणि आकाश



मोटारगाडींतच बिऱ्हाड थाटून महिनोन् महिने हिंडणारीं कुटुंबें अमेरिकेंत पुष्कळ आहेत. चूल, अंथरूण, न्हाणीघर, सारें चाकांवर. त्यांपैकीं कित्येकजण आतां कचेरीचें कामहि गाडींतूनच करतात. त्यामुळें टेलिव्हिजनची तबकडी आणि इंटरनेटचा अँटेना हीं दोन साधनें त्यांना पाण्याच्या टाकीइतकींच आवश्यक वाटतात. माझेंहि बिऱ्हाड असेंच आहे. हीं साधनें छपरावर बसविण्यापूर्वीं काय विचार करावा, तेवढेंच आज सांगणार आहें.

टेलिव्हिजनचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीबरोबरच फिरतात. म्हणून ते आपणांस एके जागीं स्थिर दिसतात. अशा उपग्रहांकडून दळणवळण साधतां येईल, हें आर्थर क्लार्क यांनीं १९४५ सालींच एका लेखांत मांडलें होतें. पण उपग्रह स्थिर असला तरी आपलें घर स्थिर नाहीं. ११९ अंश पश्चिम रेखांशावरील उपग्रह फीनिक्स येथें क्षितिजापासून सुमारें ५० अंश वर दिसतो, तर सिॲटल येथें अवघा ३५ अंश. छपराहून १२ मीटर उंच असें झाड तबकडीसमोर असेल, तर फीनिक्सला तें १० मीटर दूर असलें तरी पुरे. सिॲटलला १७ मीटर हवें.

स्टारलिंकसारख्या इंटरनेटचे उपग्रह केवळ ५५० किलोमीटरांच्या आसपास असतात. त्यामुळें उत्तर झटकन् येतें. ३६,००० किलोमीटरांवरून तें येण्यास अर्धा सेकंद लागतो आणि संभाषण अडखळतें. परंतु हे उपग्रह सारखे सरकत असल्यानें झाडांमधली एखादी फट पुरत नाहीं. विस्तीर्ण मोकळें आकाश लागतें.

अर्थात् अँटेना छपरावर कायमचा जडला, कीं गाडीहि उन्हांतच उभी करणें आलें. म्हणून पहिले चार-सहा मुक्काम तो तिवईवर, लांब तारेनें, मोकळ्या जागीं मांडावा आणि गाडी सावलींत ठेवावी. तेवढ्यानें भागलें, तर छपराला हात लावूं नये.

विजेचाहि हिशेब करावा. ७५ वॉटचा अँटेना दहा तास चालला, तर ७५० वॉट-तास खर्च होतात. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करूं नये. म्हणजे तिच्यांतून ६०० च मिळतात.

भोक पाडणें अटळच असेल, तर खरी जोखीम तेथें आहे. पहिल्या खेपेस मीं तारेचें भोक नुसत्या सीलंटनें बुजविलें. पावसाळी हिवाळा सरला, कोठें थेंब दिसला नाहीं. वसंतांत बिछान्यावरील छताला सहज हात लागला, तों तें ओल्या पावासारखें दबलें! पाणी भोकाशींच ठिबकतें असें नाहीं. तें प्लायवुडमधून वाट काढीत दूर जातें, आणि डाग दिसेपर्यंत आंतील लाकूड कुजलेलें असतें.

यासाठीं स्क्रू खालच्या लाकडी आडव्यांत शिरतील अशीच जागा शोधावी. बैठकीखालीं बुटिल रबराची चिकट पट्टी घालावी, स्क्रूंच्या माथ्यांवर छपराला मानवणारें सीलंट भरावें. रबरी छपरावर पेट्रोलियमयुक्त पदार्थ लावूं नये. त्यानें रबर फुगतें. तारेवरील झांकणाचें तोंड गाडीच्या मागील बाजूस असावें, म्हणजे धांवत्या गाडींत पाऊस आंत घुसत नाहीं. आणि दर सहा महिन्यांनीं शिडी लावून सारे सांधे स्वतः पाहावे.

शेवटीं गाडीची उंची पुन्हां मोजावी. नॉर्थ कॅरोलायनांतील डरहॅम येथें एका रेल्वेपुलाखालीं केवळ ११ फूट ८ इंच जागा होती. तेथें कित्येक गाड्यांचीं छपरें सोलून निघालीं. २०१९ मध्यें तो पूल ८ इंच उचलला, तरी टकरी थांबल्या नाहींत. म्हणून अँटेनासह होणारी उंची कागदावर लिहून चालकाच्या नजरेसमोर चिकटवावी.

आजच्या मुक्कामीं संदेश मिळाला नाहीं, तर उद्यां दुसरें आकाश मिळेल. घराचें छप्पर मात्र एकच आहे, आणि त्याखालीं मुलें निजतात, एवढें ध्यानांत ठेवून हातांत ड्रिल घ्यावें.