चौकीत एकट्यानं जायचं नाही
(अचलपूरच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



धारणी, चिखलदऱ्याकडून रात्रभर प्रवास करून आलेल्या मायबापहो, आणि पायथ्याच्या गावांतल्या भाऊ-बहिणींनो,

आज आपण जमिनीच्या पट्ट्यांसाठी जमलो. आम्हाला बोलायला सांगितलं पोलिसांवर. सकाळीच एक आबा म्हणाले, "जमिनीच्या मेळाव्यात पोलिसाचं कायले काढता?" आबा, पेरणीच्या आठवड्यात कसणाऱ्याला आत बसवलं की वावर पडीक राहते. मग साहेब लिहितो, जमीन कसत नाहीत. म्हणून काढतो.

आमच्या गावात जीपचा आवाज आला की पुरुष रानात पळतात. रानात वाघ आहे, अस्वल आहे, तरी पळतात. घरी राहतात बाया अन् म्हातारे. मग जाब बायांना.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या एका पोराला लाकूडचोरीच्या संशयावरून चौकीत नेलं. कोणती चौकी ते सांगत नाही. पहिल्या दिवशी बाप एकटा गेला, कोंबडा अन् दोनशे रुपये घेऊन. बाप परत आला, कोंबडा तिथंच राहिला, पोरगंही. दुसऱ्या दिवशी आम्ही तीस-पस्तीस जण गेलो, निम्म्या बाया. घोषणा दिल्या नाहीत. अंगणात बसलो, शाळेची वही उघडली आणि विचारलं: अटक कोणत्या वेळी केली? कलम कोणतं? अचलपूरच्या कोर्टात केव्हा उभं करणार? सांगाल ते लिहून घेतो. साहेब म्हणाले, तुम्ही कोण विचारणारे? आमच्यातली एक म्हातारी बोलली, "पोरगं आमचं हाय. आमी नाई त कोन विचारन?"

संध्याकाळी पोराला सोडलं. मागून कळलं, अटक दाखवलीच नव्हती. म्हणजे दोन दिवस ते पोरगं सरकारच्या कागदावर कुठंच नव्हतं. मेलं असतं तरी नसतं.

हे विचारायचा हक्क कोणी मेहरबानीनं दिलेला नाही. अटक केलेल्याला, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं, हे घटनेच्या बाविसाव्या कलमातच आहे. १९८६ साली बंगालमधल्या डी. के. बसू नावाच्या गृहस्थांनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सुप्रीम कोर्टाला साधं पत्र लिहिलं. उत्तराला दहा वर्षं लागली, पण १८ डिसेंबर १९९६ ला कोर्टानं सांगितलं: अटकेचा कागद तिथंच करायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या इभ्रतीच्या माणसाची साक्ष घ्यायची, नातेवाइकाला कळवायचं, कोठडीत असेपर्यंत दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरकडून तपासायचं, पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी पाहिजे. मग गावातला इभ्रतीचा माणूस कोण? ग्रामसभेनं आधीच ठरवून ठेवावा.

बायांनी आणखी एक लक्षात ठेवा. साक्षीसाठी बाईला चौकीत बोलावता येत नाही, घरी येऊन विचारावं लागतं. २०२४ पर्यंत हे फौजदारी संहितेच्या कलम १६० मध्ये होतं. देसाईगंजच्या चौकीत मार्च १९७२ मध्ये काय झालं ते जुन्यांना आठवत असेल. एका आदिवासी पोरीला घरच्यांसोबत जबाबासाठी आणलं, रात्री बाकीच्यांना बाहेर काढलं अन् तिला थांबवलं. दोन पोलिसांना सुप्रीम कोर्टानं सोडून दिलं. त्यावर १९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चौघांनी कोर्टाला उघडं पत्र लिहिलं, बाया रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठं १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या पोरीला मात्र न्याय मिळाला नाही.

आता घरचं बोलतो. कडू लागेल.

आमच्याच गावात एक बाई मार खाऊन पंचांपुढं आली. पंचांनी नवऱ्याला दंड केला. दंडाची दारू आली. पंच प्याले, नवराही प्याला, अन् त्याच रात्री तिला पुन्हा मारलं. आम्ही तेव्हा पंचांच्या मागं बसलो होतो, एक शब्द बोललो नाही. चौकीला दोष देणाऱ्या आमचीही ही चौकीच होती.

२४ डिसेंबर १९९६ ला, बसूंच्या निकालानंतर सहाच दिवसांनी, पेसा कायदा आला. धारणी, चिखलदरा अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथं आपल्या रीतीनं तंटे मिटवायचा, दारूवर बंदी घालायचा अधिकार ग्रामसभेचा आहे. अचलपूरच्या गावांना तो लागू नाही, त्यांना कोर्टाच्या निकालावरच भागवावं लागेल. पण काही पुढारी आता म्हणू लागलेत, "पंच आपले, कायदा आपला, बाईनं पोलिसात जायचं नाही." हे आम्हाला मान्य नाही. ग्रामसभा म्हणजे पाच पंच नव्हे. गडचिरोलीत मेंढा गावानं 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हटलं, पण तिथं निर्णय सगळ्यांच्या सहमतीनं होतो, बायांसकट. शहाद्याकडे श्रमिक संघटनेच्या बायांनी सत्तरीच्या दशकात दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्याला गावापुढं उभं केलं. त्यांनी पंचांची वाट पाहिली नाही. खून, बलात्कार, बाई जाळणं हे पंचांनी मिटवायचंच नाही. तिथं पोलिसांना बोलवायचं, तक्रार लिहून घ्यायला लावायची, तिची नक्कल फुकट घ्यायची.

म्हणून गावागावात एक वही ठेवा. कोण आलं, कोणाला नेलं, किती वाजता, काय म्हणाले. सांभाळायला दोन बाया आणि एक पुरुष. लिहिता येत नसेल तर शाळेतलं पोरगं लिहील. पंचांनी केलेला दंडही त्याच वहीत लिहायचा, आणि पैसे कुठं गेले तेही.

वह्या मागच्या सतरंजीवर ठेवल्या आहेत. हरिसालकडची गाडी आधी सुटते, त्यांनी पहिल्यांदा न्याव्या.