पद्माळ्याचे वसंतदादा
(जीर्णोद्धार समारंभातील व्याख्यान)



देवळाच्या समारंभात एका राजकारणी माणसाची आठवण कशासाठी, असे कोणाच्या मनात येईल. ते साहजिक आहे. परंतु आज ज्या सभामंडपात आपण बसलो आहोत तो एका सावकाराच्या थैलीतून उभा राहिलेला नाही. कोणी हजार दिले, कोणी पायलीभर जोंधळे दिले, कोणाच्या बैलगाडीने वाळू वाहिली. घरटी वर्गणीतून मोठे काम उभे राहते, हे ज्यांनी कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला कारखान्याच्या रूपाने दाखविले, त्या कै. वसंतदादा पाटलांची आठवण म्हणूनच या मंडपात शोभते.

दादांचा जन्म 13 नोव्हेंबर 1917 चा. गाव सांगलीजवळचे पद्माळे. प्लेगच्या साथीत आईवडील लहानपणीच गेले आणि आजीने सांभाळले. शिक्षण मराठी शाळेपुरते. पुढे ज्या माणसाने शेकडो इंजिनियरांना हाताखाली वागविले, त्याच्यापाशी पदवीचा कागद नव्हता.

बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत झाले, पकडले गेले आणि सांगलीच्या गणेशदुर्गातील तुरुंगात पडले. 24 जुलै 1943 रोजी भर दिवसा साथीदारांसह त्यांनी तुरुंग फोडला, तटावरून खंदकात उड्या घेतल्या आणि ते कृष्णेकडे धावले. दिवस पावसाळ्याचे, मागे पोलिसांच्या बंदुका. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्या दिवशी हुतात्मे झाले. दादांच्या खांद्यात गोळी शिरली व ते पुन्हा पकडले गेले. सुटका झाली ती 1946 साली. ही हकिगत जुन्या मंडळींनी अनेकदा ऐकली असेल. नव्या पिढीने मात्र दोन हुतात्म्यांची नावे दादांच्या नावाबरोबरच पाठ करावीत.

स्वातंत्र्य आले. 1952 साली दादा सांगलीतून विधानसभेवर गेले. आमदार होऊन माणूस मुंबईत रमतो. दादांचे मन उसाच्या फडात होते. त्या काळी ऊसवाल्याची स्थिती काय होती? गुऱ्हाळ लावावे, ढेपा बांधाव्यात आणि पेठेत अडत्याच्या दारात उभे राहावे. भाव अडत्याने सांगायचा, शेतकऱ्याने मान डोलवायची. नगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला होता. तीच वाट दादांनी सांगलीला आणली.

कारखाना काढणे म्हणजे आधी भागभांडवल गोळा करणे. उंबरठ्यावर जाऊन शेअर मागायचा. बायकोच्या अंगावरचा डाग मोडून शेअर घ्यावा आणि कारखाना निघालाच नाही तर? ही भीती खोटी नव्हती. सरकारचा भाग आणि वित्तसंस्थेचे कर्ज मिळणार, पण आधी शेतकऱ्याचा पैसा दिसला पाहिजे. तिथे दादांचा शब्द कामी आला. जो माणूस गोळी खाऊन परत आला तो आपले पैसे घेऊन कोठे जाणार, असा तो साधा हिशेब होता. सांगलीचा शेतकरी सहकारी साखर कारखाना असा उभा राहिला. एकरभर उसाचा धनी आणि वीस एकरांचा धनी, दोघांना मत एकच. पूर्वी जो अडत्याच्या पायरीवर बसे तो वार्षिक सभेत उभा राहून चेअरमनला जाब विचारू लागला. दादांचा धंदा हा असा होता. उद्योगधंद्यात इतकी वर्षे वावरूनही त्यांच्या उद्योगाचे मालक हजारो राहिले.

पुढे साखर कारखान्यांच्या संघाचे काम त्यांच्याकडे आले. 1967 साली पद्मभूषण मिळाले. ऊस आणि साखर यांच्या संशोधनासाठी 1975 साली पुण्याजवळ मांजरी येथे संस्था निघाली, तिला आज त्यांचेच नाव आहे.

1972 साली ते मंत्री झाले, पाटबंधारे खाते आले. वारणेचे धरण कोठे बांधावे यावरून जिल्ह्यात उभा दावा पेटला. राजारामबापू पाटील खुजगावसाठी अडून बसले, दादा चांदोलीसाठी. दोघेही याच मातीचे, दोघांनीही कारखाने उभारलेले, आणि दोघांनाही शेताला पाणीच हवे होते. धरण चांदोलीला झाले. जलाशयाला वसंतसागर म्हणतात. बापूंचे म्हणणे डावलले गेले याची चुटपुट वाळवे भागात पुष्कळ दिवस राहिली, आणि ती समजण्यासारखी आहे.

1976 साली मंत्रिपद गेले तेव्हा दादांनी राजकारणसंन्यास जाहीर केला. पण 1977 साली तेच मुख्यमंत्री झाले. जुलै 1978 मध्ये स्वतःच्याच मंत्रिमंडळातील शरद पवार बाहेर पडले आणि सरकार कोसळले. 1983 साली पुन्हा मुख्यमंत्रिपद मिळाले, 1985 साली सोडले, त्यानंतर राजस्थानचे राज्यपालपद. पदांची यादी याहून लांबविण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या कारकिर्दीतील एक निर्णय मात्र सांगितला पाहिजे. आपली मुले इंजिनियरिंगसाठी देणग्या भरून कर्नाटकात जात होती. शासनापाशी नवी कॉलेजे काढण्याइतका पैसा नव्हता. 1983 साली दादांनी विनाअनुदान तत्त्वावर खासगी कॉलेजांना परवानगी दिली. मराठी शाळेतून बाहेर पडलेल्या माणसाने खेड्यातील पोरांना इंजिनियर होण्याची वाट मोकळी केली, ही गोष्ट मोठी. परंतु याच वाटेने शिक्षणाचा बाजारही आला. फी भरण्यासाठी जमीन गहाण टाकणारे बाप आपल्या आजूबाजूच्या गावांतच आहेत. दादांना मानणाऱ्यांनीही हे झाकून ठेवू नये.

1 मार्च 1989 रोजी दादा गेले. त्यांच्या पश्चात कारखाना कर्जात रुतला. उसाची बिले थकली, कामगारांची देणी राहिली, आणि अखेर 2017 साली तो भाडेपट्ट्याने खासगी कंपनीकडे चालवायला गेला. दोष कोणाचा, याचा निवाडा या मंडपात होणार नाही. पण ज्यांच्या आजोबांनी डाग मोडून शेअर घेतला होता, त्यांनी आपल्याच कारखान्याच्या काट्यावर दुसऱ्याची पावती घेतली तेव्हा त्यांना काय वाटले असेल, हे येथे बसलेल्या ऊसवाल्यांना सांगायला नको. अनेक घरांत ते जुने शेअर सर्टिफिकेट ट्रंकेत, सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी, अजून घडी घालून ठेवलेले आहे.