आयर्लंडची समुद्रकाठची गोल्फ मैदानं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी डब्लिनला राहतो, म्हणून आपल्या बॅचचे गोल्फवाले विचारतात, तिकडचं सगळ्यांत चांगलं मैदान कोणतं? साठीनंतरच्या गुडघ्यांना निवड नीट करावी लागते, कारण तिथे बहुतेक चालतच खेळतात.

‘लिंक्स’ म्हणजे समुद्र आणि शेतं यांमधला वाळूचा गवताळ पट्टा. झाडं जवळजवळ नाहीत, जमीन टणक, वारा सतत. चेंडू उंच उडवण्यापेक्षा जमिनीलगत पळवलेला बरा.

देखणेपणात उत्तरेचं रॉयल काउंटी डाउन (१८८९) पहिलं. मागे मोर्न पर्वत, पण कित्येक फटके टेकाडांपलीकडे न बघता मारायचे. रॉयल पोर्टरश कसोटी घेणारं. २०१९ ची ‘ओपन’ शेन लॉरी तिथेच जिंकला. बॅलीबनियनला पहिल्याच फटक्याला उजव्या हाताला कब्रस्तान, पुढे अटलांटिकचे कडे. लाहिंचला ‘डेल’ नावाच्या पाचव्या होलचं ग्रीन टेकड्यांत दडलेलं. टेकडीवरचा पांढरा दगड दिशा दाखवतो. तिथल्या शेळ्या क्लबहाउसजवळ आल्या, की हवा बिघडणार म्हणतात.

गुण द्यायचे तर काउंटी डाउनला. पण एकच फेरी झेपणार असेल, तर लाहिंचला चला. दगडावर भरवसा ठेवून चेंडू मारायचा आणि पलीकडे जाऊन सगळ्यांनी मिळून शोधायचा. तिथे कोण किती चांगला खेळतो, याला फारसा अर्थ उरत नाही.

मागच्या मेळाव्यातले दोन मित्र आज नाहीत. तेव्हा ‘पुढच्या वर्षी बघू’ नको. जूनमध्ये या, रात्री दहापर्यंत उजेड असतो.