औटकी, वीस एक आणि वीस गुण

(वाशीम येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



वाशीम जिल्ह्यातील कोणत्याही पारावर ‘हल्लीच्या पोरांना साधा हिशेब येत नाही’ हा विषय निघाला, की एखादे आजोबा हमखास पुढे सरसावतात आणि नातवाला विचारतात, ‘सात औटे किती?’ औट म्हणजे साडेतीन, हेच नातवाला ठाऊक नसते. तो मोबाईल काढतो. त्यात औटाचे बटण नसते. मंडळी हसतात. साडेचोवीस हे उत्तर शेवटी आजोबाच देतात, आणि पिढीचा ऱ्हास सिद्ध झाला असे मानून सभा विसर्जित होते.

पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी ही पाठांतरे ज्या जगासाठी होती, ते जग सोळा आण्यांच्या रुपयाचे आणि चाळीस शेरांच्या मणाचे होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, मागोमाग किलो व क्विंटल आले आणि औटकीचे काम संपले. शिवाय ती येत होती तरी कितीजणांना? पंतोजींच्या शाळेत अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश नव्हता, मुलींचा तर प्रश्नच नव्हता. कर्जखत ज्याच्या नावाने लिहिले जाई, तो अंगठा उठवून मोकळा होई. औटकी येत होती ती प्रामुख्याने सावकाराला. तिच्यासाठी उसासे टाकताना एवढे तरी ध्यानात असावे.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा सारा महाराष्ट्र हसला. विधानसभेत अजित पवारांनी मुख्यमंत्री फडणवीस यांच्या आडनावाचीच फोड करून दाखविली. विनोद चांगला होता. परंतु गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे ऐकून घेण्याइतका धीर फार थोड्यांजवळ होता. मराठीत लिहिताना दशक आधी, बोलताना एकक आधी. ‘एकोणसाठ’ ऐकून मूल सहा लिहू लागते, यात दोष मुलाचा कसा? कन्नड-तेलुगूत दशकच आधी उच्चारतात. जुनी नावे पुस्तकातून हद्दपारही झालेली नव्हती. हसण्याची ती जागा नव्हती.

ज्या जागी निदान कपाळाला आठी पडावयास हवी होती, तेथे मात्र पारावर सामसूम राहिली. २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात असा प्रस्ताव आला, की दहावीला गणित व विज्ञान यांत ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी मुलाला अकरावीत जाऊ द्यावे. गुणपत्रिकेवर शेरा मात्र असावा की, या विषयांच्या वाटा त्याला बंद. वरवर पाहता ही दया आहे. नापासीने शाळा सुटते ती गरिबाच्या मुलाची, हे खरेच. पण तो शेरा कोणाच्या गुणपत्रिकेवर उमटणार? शिकवणी लावणाऱ्याच्या खचित नव्हे. मानोऱ्याकडील एखाद्या तांड्यावरच्या मुलीच्या गुणपत्रिकेवर तो उमटेल. वाशीम २०१८ पासून ‘आकांक्षित जिल्हा’ आहे. आकांक्षेची पातळी वीसवर आणली की निकालाची टक्केवारी आपोआप वर जाईल.

आणि गणित काही शाळेच्या फाटकाशी थांबत नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. ओलावा १२ टक्क्यांहून अधिक म्हणून परत आलेला साडेबारा क्विंटल माल, समजा, ४,२०० ने विकला, तर ८,६५० रुपये गेले. ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांवर नेली ती नोव्हेंबरच्या मध्यात. दिवाळीसाठी माल विकून बसलेल्याला तिचा काय उपयोग?

पारावरचे आजोबाही येथे सुटत नाहीत. नातवाच्या दुचाकीसाठी ते २४,००० रुपये कर्ज काढतात. बारा हप्ते, ‘फक्त १२ टक्के फ्लॅट’. व्याज २,८८०, हप्ता २,२४०. मुद्दल दरमहा २,००० ने फिटत जाते, व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण चोवीस हजारांवर चालते. शेवटच्या महिन्यात देणे उरते २,००० आणि त्यावर व्याज २४०, म्हणजे महिन्याला शेकडा बारा! वर्षाचा खरा दर २२ टक्क्यांच्या घरात जातो. औटकी मुखोद्गत असूनही आजोबांना हे उमगत नाही, आणि नातवाने तर चक्रवाढ व सरळव्याजाचे प्रकरण ऑप्शनला टाकलेले असते.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात प्राथमिक शाळेसाठी मोडी व बाळबोध यांच्या जोडीला हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान मागितले होते. त्यांनी औटकी मागितली नव्हती, आणि सवलतही मागितली नव्हती.

शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पाऊणकी निदान येथे तरी कामी यावी. समितीच्या पुढील सभेला पालकांनी आपापली काटापट्टी आणि हप्त्याचा कागद घेऊन जावे, आणि आठवीच्या फळ्यावर तेच उदाहरण म्हणून मांडावयास गुरुजींना सांगावे. त्या दिवशी दोन-चार आजोबा मागच्या बाकावर येऊन बसले, तर त्यांनाही उठवू नये.